रग्बीला प्रेक्षक आणि पोरं मिळणार कुठून? (क्रिकेट, कबड्डी, फुटबॉलच्या गर्दीत)

रानवारा

मंडळी, इथे क्रिकेटचे धागे रोज निघतात, कबड्डीचेही निघतात, रग्बीवर मात्र सलग चर्चा कधी झाल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा काढतोय. निमित्त रग्बी प्रीमियर लीगचं. जून 2025 मध्ये, 15 ते 29 तारखेपर्यंत, मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात तिचा पहिला सीझन झाला. सहा टीम, सेव्हन्स फॉरमॅट (म्हणजे एका बाजूला सात जण), चार-चार मिनिटांचे चार क्वार्टर, टीव्हीवर आणि मोबाईलवर लाइव्ह. चेन्नई बुल्स जिंकले. परदेशातले एकापेक्षा एक तगडे खेळाडू आणि कोच आले होते, आणि आपली पोरं त्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळली. मी बघितलं, मला प्रचंड आवडलं.

पण ऑफिसात विचारलं तर दहातल्या नऊ जणांना असं काही झालं हेच माहीत नव्हतं, आणि ज्या एकाने बघितलं त्याला पहिला प्रश्न पडला की बॉल मागेच का फेकतात (रग्बीत हाताने पुढे फेकलेला पास चालत नाही). मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे. आपण लीग आधी आणली आणि खेळ नंतर समजावतोय.

माझं मत सरळ सांगतो. रग्बीने क्रिकेटशी स्पर्धा करायच्या भानगडीत पडूच नये. क्रिकेटचा प्रेक्षक ओढून आणता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. रग्बीचा खरा सामना आहे शाळेच्या पीटीच्या तासाशी, आईबापांच्या भीतीशी आणि "याचं सर्टिफिकेट चालतं का" या प्रश्नाशी. हे तीन सुटले तर पोरं येतील, पोरं आली की त्यांचे घरचे मैदानावर येतील, आणि मग टीव्हीवाले आपोआप येतील. उलट्या क्रमाने हे होत नाही असं मला वाटतं. तुमचं काय म्हणणं?

अमोघ_दादर

धागा काढल्याबद्दल आभार, पण मी पूर्ण सहमत नाही. प्रो कबड्डी बघा की, 2014 मध्ये लीग आली आणि एका सीझनमध्ये चित्र पालटलं. त्याआधी शहरात कोण कबड्डी बघत होतं? मॅट आली, लाइट आले, 30 सेकंदांची रेड, तिसरी रेड डू ऑर डाय, पंचांचा आणि खेळाडूंचा आवाज थेट घरात ऐकू यायला लागला. म्हणजे आधी टीव्ही आणि मग बाकी सगळं. पैसा वरून आला की खाली झिरपतो, खालून वर जायला पन्नास वर्षं लागतील आणि तेवढं थांबायला कोणाला वेळ आहे? रग्बीला एक स्टार पाहिजे आणि मोठा स्पॉन्सर पाहिजे, बस.

रानवारा

अमोघ, कबड्डीचं उदाहरण माझ्याच बाजूने जातंय रे. टीव्हीवर आली तेव्हा कबड्डी नवीन नव्हती, फक्त मॅट नवीन होती. बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने लहानपणी शाळेच्या नाहीतर गल्लीच्या मैदानात दम घोटून रेड मारलेली होती, घरात आजीलासुद्धा नियम माहीत होते. टीव्हीने फक्त ओळखीच्या खेळाला चांगले कपडे घातले. रग्बीचं तसं नाही, इथे ओळखच करून द्यायची आहे.

आणि अजून एक. प्रो कबड्डीचे सामने सुरुवातीपासून शहराशहरात फिरवले, प्रत्येक टीमला घरचं पब्लिक मिळालं. रग्बीच्या लीगचा पहिला सीझन सगळा एकाच मैदानावर. खर्च वाचतो हे कळतं, पण हैदराबाद हीरोज हैदराबादला आणि चेन्नई बुल्स चेन्नईला एकही मॅच खेळले नाहीत तर तिथला माणूस त्यांना आपलं कसं म्हणेल?

स्नेहल_के

मला या लीगबद्दल एकच गोष्ट खटकली आणि ती फार खटकली. मुलींची टीम कुठे होती?? भारतीय रग्बीत गेल्या काही वर्षांत जे काही नाव झालंय त्यात मोठा वाटा मुलींचा आहे. 2018 मध्ये आपली बायकांची 15 जणींची टीम पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय मॅच खेळली आणि 2019 मध्ये मनिलात सिंगापूरला 21-19 हरवून पहिला विजय मिळवला. 2022 मध्ये जकार्ताच्या आशियाई सेव्हन्स ट्रॉफीत सिल्व्हर. ऑगस्ट 2025 मध्ये बिहारच्या राजगीरला 20 वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत ब्रॉन्झ, तेही घरच्या मैदानावर. त्या 2019 च्या सुमाराला कॅप्टन होती आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा. पुण्यातल्या किती लोकांना हे नाव माहीत आहे?

आणि अमोघ, तुम्ही स्टार म्हणताय ना, मग अमेरिकेची इलोना मेहर बघा. पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या मुलींनी ब्रॉन्झ जिंकलं, पण त्याआधीपासून ती ऑलिंपिक व्हिलेजमधले छोटे छोटे व्हिडिओ टाकत होती, रग्बीचा र माहीत नसलेल्या बायकांनी तिला फॉलो केलं आणि मग मॅच बघितली. ब्रॉन्झनंतर लगेच अमेरिकेच्या मुलींच्या सेव्हन्स टीमला 40 लाख डॉलरची देणगी जाहीर झाली. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये इंग्लंड-कॅनडा वर्ल्डकप फायनलला लंडनच्या ट्विकनहॅम स्टेडियममध्ये 81,885 लोक होते. बायकांच्या रग्बीच्या मॅचला! जगात या खेळाचा नवीन प्रेक्षक मुलींमुळे येतोय आणि आपण लीग काढली ती फक्त पुरुषांची.

रानवारा

स्नेहल, शंभर टक्के अनुमोदन. मूळ पोस्टमध्ये हे यायलाच हवं होतं.

तात्या_पेठकर

धागा वाचतोय. जुना किस्सा सांगतो, विषयाला धरूनच आहे. कलकत्त्यात 1870 च्या दशकात गोऱ्या लोकांनी रग्बीचा क्लब काढला होता, कलकत्ता फुटबॉल क्लब. सुरुवातीला जोरात चालला. मग क्लबातली फुकटची दारू बंद झाली आणि तिकडे टेनिस आणि पोलो सुरू झाले, ते त्या हवेत जास्त सोयीचे वाटायला लागले. मेंबर गळाले. शेवटी क्लब गुंडाळताना बँकेतले उरलेले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा कप बनवून इंग्लंडला पाठवला. तोच कलकत्ता कप, 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतात, त्याच्या मुठी नागाच्या आणि झाकणावर हत्ती आहे. म्हणजे दुसऱ्या खेळांपुढे रग्बी आपल्याकडे एकदा हरलेली आहे, दीडशे वर्षांपूर्वी. कारण तेव्हा तो मूठभर लोकांच्या क्लबाचा खेळ होता, बाहेरच्या माणसाला आत प्रवेशच नव्हता.

मुंबईतही बरीच वर्षं तेच. बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाच्या आत रग्बी आणि बाहेर आझाद मैदानात क्रिकेटच्या पिचवर पिच. पण एक चांगली गोष्ट तिथेच घडली. मॅथ्यू स्पेसी तिथे रग्बी खेळायचा, समोरच्या फुटपाथवर राहणारी पोरं रोज उभी राहून प्रॅक्टिस बघायची, त्याने त्यांना मैदानात बोलावलं आणि त्यातून 1999 मध्ये मॅजिक बस संस्था उभी राहिली. कुंपण उघडलं की पोरं येतात, त्यांना आमंत्रणाच्या जाहिराती लागत नाहीत.

इंगवले_कोल्हापूर

आमच्याकडं रग्बी हाय बरं का मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरी भारताच्या टीमात खेळल्यात. मी स्वतः कबड्डीचा, आता गावात पोरांना दोन्ही शिकवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कबड्डीतला गडी रग्बीला लवकर तयार होतो हे खरं हाय पण लोक समजतात तसं फुकट होत नाही. अँकल होल्ड, थाय होल्ड मारणाऱ्या पोराची भीती आधीच गेलेली असते, तो पायात शिरतो, डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं हे त्याला अंगानं कळतं. अडचण येते डॅशची. कबड्डीत कोपऱ्यातनं येऊन खांद्यानं धडक देऊन रेडरला लाइनीबाहेर काढायचं, टाळ्या पडतात. रग्बीत तसंच केलं, हात गुंडाळले न्हाईत, की पेनल्टी, आणि जोरात असलं तर यलो कार्ड, सेव्हन्समध्ये दोन मिनिटं बाहेर. सात मिनिटांच्या हाफमध्ये दोन मिनिटं सहा जणांनी खेळणं म्हणजे ट्राय (समोरच्यानं आपल्या लाइनीपलीकडं बॉल टेकवून गुण मिळवणं) खाल्लाच समजा. तर पहिले पंधरा दिवस मी फक्त हात गुंडाळायला लावतो, गुडघ्यावर बसून, गवतावर, पळापळ न्हाई काय न्हाई.

दुसरी अडचण सोडण्याची. कबड्डीत धरलं की सोडायचं न्हाई हे लहानपणापासून घोटलेलं असतंय. रग्बीत गडी खाली पडला की पाडणाऱ्यानं सोडायचं आणि पडलेल्यानं बॉल सोडायचा. आमची पोरं पडली तरी धरूनच बसतात, पंच शिट्टी मारून दमतो.

आता मार्केटिंगचं म्हणाल तर गावात बॅनर लावून कोण आलं न्हाई. यात्रेच्या आदल्या दिवशी कबड्डीच्या मैदानाशेजारी पोरींची मॅच लावली, माइकवर मी स्वतः बसलो आणि प्रत्येक शिट्टीला का वाजली ते मराठीत सांगितलं. तिसऱ्या मॅचला बघणारी माणसंच वरडाय लागली, "पुढं फेकला, पुढं फेकला!" नियम समजला की माणूस बसतोय, न समजला की उठून जातोय.

अमोघ_दादर

इंगवले, झकास पोस्ट. मराठी कॉमेंट्रीचा मुद्दा पटला. इंग्रजी कॉमेंट्रीत खेळ माहीत आहे असं धरूनच बोलतात, "नॉक ऑन" म्हणून पुढे जातात, आमच्यासारख्याला कळत नाही की बॉल हातातून पुढे पडला म्हणून थांबवलंय.

ऑकलंडची_अनु

मी न्यूझीलंडला बरीच वर्षं आहे, इथलं सांगते. लोकांना वाटतं इथे ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडची राष्ट्रीय टीम) आहेत म्हणून रग्बी आपोआप चालते. तसं अजिबात नाहीये, इथेसुद्धा मुलं फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतात म्हणून रग्बीवाल्यांना कायम धडपड करावी लागते, आणि मुख्य कारण आईबाबांची काळजी, म्हणजे डोक्याला मार. ब्रिटनमध्ये तर जुन्या खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींवरून केसेस टाकल्यात. हे लपवून खेळ वाढणार नाही हे इथल्या लोकांना कळलंय.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे रिपा रग्बी. लहान मुलांच्या कमरेला बेल्ट, त्याला दोन पट्ट्या चिकटवलेल्या, पाडायचं नाही, पट्टी ओढली की टॅकल झालं. माझी मुलगी हेच खेळून मोठी झाली, मुलं मुली एकत्र, पळणं आणि मागे पास देणं अंगात बसतं आणि कोणाला खरचटत पण नाही. दुसरी गोष्ट वजनाची. वयाप्रमाणे गट केले की आपल्या देशी अंगकाठीच्या मुलांची गाठ दुप्पट वजनाच्या मुलाशी पडते आणि पहिल्याच सीझनला ती सोडून देतात. ऑकलंडला वजनाचे गट आहेत, आणि मोठ्यांसाठी तर 85 किलोखालची देशपातळीवरची क्लब स्पर्धा आहे. भारतात ही वजनगटाची कल्पना फार चालेल असं मला वाटतं, कुस्तीमुळे आपल्या लोकांना ती समजावूनही सांगावी लागणार नाही.

तात्या_पेठकर

अनु, छान माहिती. लांब न्यूझीलंडला कशाला, शेजारी श्रीलंका बघा. मी कोलंबोत नोकरीला होतो. क्रिकेटवेडा देश, 1996 चा वर्ल्डकप जिंकलेला, तरी शाळांच्या रग्बीला जी गर्दी होते ती बघून मी थक्क झालो होतो. कोलंबोचं रॉयल कॉलेज आणि कँडीचं ट्रिनिटी कॉलेज यांच्यात ब्रॅडबी शील्ड 1945 पासून चालू आहे. दोन मॅच, एक कोलंबोत, एक कँडीत, दोन्हींचे गुण मिळवून निकाल. त्या आठवड्यात साठीचे माजी विद्यार्थी शाळेचे रंग अंगावर घालून फिरतात, ट्रेन भरून कँडीला जातात. कोणी जाहिरात करत नाही. माणूस रग्बी बघायला जात नाही, आपल्या शाळेला बघायला जातो, आणि बघता बघता रग्बी त्याच्या रक्तात जाते.

मात्र तिथली फेडरेशन राजकारणात सापडली आणि 2023 मध्ये वर्ल्ड रग्बीने तिला सस्पेंड केलं होतं, हेही सांगायला हवं. खाली कितीही चांगलं असलं तरी वरचे लोक वाट लावू शकतात.

रानवारा

तात्या, हे वाचून एक कल्पना सुचली. आपल्याकडे शाळा-शाळांत, तालमी-तालमींत, पेठा-पेठांत जुनी ईर्षा आहेच की. कोल्हापुरात फुटबॉल त्यावरच उभा आहे, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच म्हटलं की शाहू स्टेडियम भरतं, तिथे आयएसएलची (फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगची) काही गरज लागली नाही. रग्बीला अशी एक, फक्त एक, दरवर्षी न चुकता होणारी दोन गावांतली मॅच मिळाली तरी पुष्कळ झालं.

जॉर्जियाचंही बघण्यासारखं आहे. छोटा देश, फुटबॉलचं वेड युरोपात सगळीकडे तसं तिथेही. पण त्यांच्याकडे लेलो बुर्ती नावाचा जुना गावठी खेळ आहे, दोन गावं एका जड चेंडूसाठी झुंजतात, शिवाय कुस्तीची परंपरा मोठी. तिथल्या लोकांनी रग्बी परक्यांची म्हणून आणली नाही, आपल्या लेलोची आणि कुस्तीची धाकटी भावंडं म्हणून आणली, टीमचं टोपणनावच लेलोज. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी वेल्सला कार्डिफमध्ये जाऊन 13-12 हरवलं. महाराष्ट्रात कुस्ती आणि कबड्डी दोन्ही असताना आपण रग्बी इंग्रजी जिमखान्याची म्हणून का विकतोय?

पीटी_सर

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या नाही, अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक आहे, सातारा भाग. चर्चा आवडली पण जमिनीवरची गोष्ट सांगतो.

पालक मला तीनच प्रश्न विचारतात. हातपाय मोडेल का, दहावीला क्रीडा गुण मिळतील का, आणि पुढे नोकरीत 5 टक्के आरक्षणात हे धरतात का. कबड्डी, खो-खो, कुस्तीला मी डोळे झाकून उत्तर देऊ शकतो. नवीन खेळाला मला कागद शोधावे लागतात. रग्बी ऑलिंपिकमध्ये आहे (सेव्हन्स 2016 पासून), एशियन गेम्समध्ये आहे, 2020 च्या पहिल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्समध्येही होती, हे सगळं खरं, पण पालकाला शासनाचा कागद हातात लागतो. असोसिएशनने जाहिरातीचे पैसे बाजूला ठेवून एक पान मराठीत छापावं, कुठली स्पर्धा, कुठला दर्जा, काय फायदा, आणि ते प्रत्येक तालुक्याच्या क्रीडाशिक्षकाला द्यावं. एवढ्या एका पानाने जेवढी पोरं येतील तेवढी टीव्हीने येणार नाहीत.

दुसरं मैदान. माझ्या शाळेचं मैदान मुरमाचं आहे. मुरमावर टॅकल शिकवणं मी कधीच करणार नाही.

इंगवले_कोल्हापूर

सर, मुरमावर टॅकल नकोच. आम्ही पावसाळ्यात करतो, नांगरून ठेवलेल्या नाहीतर गवत आलेल्या रानात. मऊ असतंय, पोरं चिखलात खूश.

रानवारा

इंगवल्यांनी जे सांगितलं तो मला मार्केटिंगचा सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो. पावसाळा! मुंबईत रग्बीचा सीझन पहिल्यापासून पावसाळ्यातलाच आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बहुतेक टर्फ पिच झाकलेली असतात, क्रिकेटची बरीचशी पोरं मोकळी असतात, टेनिस बॉलच्या टुर्नामेंटही बंद. हे चार महिने मैदानावर स्पर्धा मुख्यतः फुटबॉलची. क्रिकेटशी न भांडता क्रिकेटच्याच पोरांना चार महिने उसने घेता येतात, आउटफिल्डमध्ये पळणाऱ्या आणि थ्रो असलेल्या पोराला रग्बीत मागणी आहे. शाळाही जूनलाच सुरू होतात.

स्नेहल_के

पावसाळ्याचं पटलं. फक्त मुलींसाठी एक जोडते. चिखलात खेळायचं तर कपडे बदलायला बंद खोली आणि पाणी लागतं. हे नसलं की मुली दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत, आणि मग म्हणतात मुलींना आवड नाही. ओडिशात भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूटमध्ये आदिवासी मुलं-मुली राहतात, शिकतात आणि रग्बी खेळतात, तिथे मुक्काम, जेवण आणि मैदान एकाच ठिकाणी. तिथल्याच मुलांनी 2007 मध्ये लंडनला जाऊन 14 वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली होती. ओडिशाच्या मुली देशात इतकी वर्षं वरचढ आहेत त्याचं कारण ही सोय आहे.

अमोघ_दादर

सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं थोडं बदलून मांडतो. लीग हवीच, तिच्यामुळे पोराला दिसतं की यात पैसे आहेत. पण लीगने आपल्या बजेटमधला एक हिस्सा जिल्ह्यात घालावा. लीगमधल्या मुंबई ड्रीमर्स टीमने कोल्हापूर, सातारा, पुणे, नागपूर असे चार जिल्हे दत्तक घ्यावेत, खेळाडू दोन-दोन दिवस शाळांत जावेत, आणि तिथल्या पोरांना मॅचच्या दिवशी एसटी करून अंधेरीला आणावं. ती पोरं गावी परत जाऊन जेवढं सांगतील तेवढं होर्डिंग सांगत नाही. आणि हायलाइट्स मराठीत, उभ्या व्हिडिओत, मिनिटभराच्या. अभिनेते राहुल बोस रग्बी इंडियाचे अध्यक्ष आहेत, स्वतः भारताकडून खेळलेत, चेहरा ओळखीचा आहे, त्यांनी दोन मिनिटं नियम समजावले तरी लोक बघतील.

पीटी_सर

अनुताईंना एक विचारायचं आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना बॉल कुठल्या नंबरचा? आणि त्या बेल्टच्या पट्ट्या इथे मिळत नाहीत, काय करावं?

ऑकलंडची_अनु

सर, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना 4 नंबर, त्याहून लहानांना 3 नंबर. 5 नंबर मोठ्यांचा, तो लहान हातात धरवत नाही आणि मग मुलं पास देण्याऐवजी फेकाफेक करतात. पट्ट्यांसाठी जुन्या ओढणीचे हातभर तुकडे दोन्ही बाजूंनी हाफपँटमध्ये खोचा, साधारण निम्मा भाग बाहेर लोंबू दे. गाठ अजिबात मारायची नाही, ओढताना मूल पडतं.

इंगवले_कोल्हापूर

सर, बॉल माझ्याकडं जादाचे हायत, 4 नंबरचेच. जुनं हायत पण हवा धरतात. व्यनि (खासगी निरोप) करतो, कराडपर्यंत पोचवायची जबाबदारी माझी.

पीटी_सर

फार उपकार होतील. मुरमावर फक्त पट्ट्यांचा खेळ, टॅकल नाही, पाचवी-सहावीच्या मुलींपासून सुरू करतो. शनिवारी सकाळची शाळा असते, शेवटचे दोन तास मिळतील असं मुख्याध्यापक म्हणालेत. पंचांच्या खुणांचा मराठीत तक्ता कोणाकडे असेल तर इथेच टाका, वर्गात लावतो.